चारशे बिया

निफाडचा पारा उतरला की पेपरात छापून येतं,
माणसं शेकोटीला चिकटतात.
जमिनीत पुरलेल्या कांद्याला मात्र
हीच थंडी हवी असते, पार गाभ्यापर्यंत.
त्याशिवाय डेंगळा धरत नाही.
मग पांढरा गोंडा, गोंड्यावर मधमाश्या,
आणि उन्हाळ्याच्या तोंडावर
काळं, तिकोनी, सुरकुतलेलं बी.

माझं काम मोजायचं.
चारशे बिया, शंभराच्या चार वळकट्या,
ओला कागद, वीस अंश.
सहाव्या दिवशी एकदा, बाराव्या दिवशी शेवटचं.
कांद्याचा कोंब सरळ येत नाही.
गुडघा मोडून येतो,
टोकाला टरफल तसंच,
घरात शिरून टोपी काढायची विसरलेल्या पाहुण्यासारखं.

कौतिकबाई बोरस्त्यांनी डबा आणला तो राखेसकट.
तीन वर्षांचं बी.
मी मनात म्हटलं, गेलं.
कांद्याचं बी एका पावसाळ्यात म्हातारं होतं;
डब्यातही श्वास चालू असतो त्याचा,
सावकाश, स्वतःलाच खात.
त्यांना सांगितलं, प्रशिक्षणात सांगतात तसं:
बियातली ओल एक टक्क्यानं उतरवा,
आयुष्य दुप्पट.
"टक्का काही कळत नाही बाई.
दाताखाली धरते. कट् वाजलं की भरते."

बाराव्या दिवशी
बहात्तर, चौऱ्याहत्तर, एकाहत्तर, पंच्याहत्तर.
पुन्हा मोजले. तेवढेच.
सरासरी त्र्याहत्तर. विकृत नऊ. मेलेलं अठरा.
सत्तरला पास.

अहवालाची त्यांनी चार घड्यांची चिठ्ठी केली
आणि बघत राहिल्या टेबलाखालच्या बादलीकडे.
"हे?"
फेकतो. तपासणी झाली की नमुना संपला.
"उगवलेलं फेकता?"

याला नियमावलीत उत्तर आहे,
पान आणि कलम धरून.
तेव्हा ते आठवलं नाही.
कलम आठवेपर्यंत
मी वळकट्यांवर पाणी शिंपडत होते.

चांदोरीच्या बसमध्ये
त्यांनी खिडकी आधी लावून घेतली,
मग पिशवी मांडीवर.
दोनशे ब्याण्णव वाकलेले गुडघे,
आणि न उगवलेलेही, निवडायला वेळ कुठे होता.
बस सुटली.

मी रजिस्टर उघडलं.
नमुना नष्ट केला, असं लिहिलं,
तारीख घातली, सही केली.
सहीवर एक टरफल पडलं होतं.
फुंकर मारली नाही. वही तशीच मिटली.