मतलई

चित्रांकडे जाणारा जिना
सासूबाईंच्या गुडघ्यांना विचारून बांधलेला नाही.
दर चार पायऱ्यांवर त्या थांबतात,
खाली देवमाशाच्या सांगाड्याकडे बघून म्हणतात,
"एवढा मोठा मेला, आणि ठेवलाय कुठं, तर बडोद्यात!"

बावन्न वर्षं झाली त्यांना इथे.
कमाटीबागेत पोरांना आणलं, मग पोरांच्या पोरांना,
छोटी आगगाडी, वाघाचा पिंजरा, पुडीतले चणे,
देवमासा दाखवला की घरी.
वर चित्रं आहेत हे ठाऊक होतं,
बँकेत लॉकर असतात हे ठाऊक असतं तसं.
आज आपणहून म्हणाल्या, चल.
सासरे जाऊन पाच महिने झालेत.
मी कारण विचारलं नाही.

दालनात गारवा, वार्निशचा जुना वास.
सोनेरी चौकटींतल्या परक्या बायका,
शिकारी कुत्रे, कापून ठेवलेलं डाळिंब.
"किती दिवसांचं असेल गो हे?"
मंडईत सरकावं तशा त्या सरकतात,
कुठल्याच गाड्यापाशी भाव न करता.

आणि मग थांबतात.

हातभर रुंद समुद्र.
चिखलात कुशीवर पडलेल्या होड्या,
वर उतरत्या छपरांचं गाव,
पाण्याच्या रेघेवर अर्धा लाल सूर्य.
खाली पितळी पट्टी : बंदर, संध्याकाळ. चित्रकार अज्ञात.

चष्मा काढून पदराने पुसतात.
नाक इतकं जवळ नेतात
की स्टुलावरून जेसिंगभाई राठवा उठतात,
"अडशो नहीं, बा."
"अडत नाय रे. वास घेते."

मग माझ्याकडे वळून :
"संध्याकाळ नाही ही."
"पट्टीवर लिहिलंय, आई."
"पट्टीवाला होडीत बसला होता काय?
धूर बघ. घरांवरचा धूर पाण्याकडे कललाय.
म्हणजे मतलई. जमिनीवरून सुटलेला.
तो रात्रीचा येतो, उन्हं चढली की मरतो.
संध्याकाळचा वारा उलटा, भातात वाळू आणणारा.
सकाळ आहे ही.
बाबा याच वाऱ्यावर बाहेर पडायचे."

"पण सूर्य?" मी बोट दाखवते.

त्या गप्प होतात.
हर्णैला सूर्य समुद्रात बुडतो.
लग्न होईपर्यंत, एकोणीस वर्षं,
त्यांनी त्याला दुसरं काही करताना पाहिलेलं नाही.
"म्हणजे असंही गाव असतं," त्या सावकाश म्हणतात,
"जिथे तो पाण्यातून वर येतो."
आवाज असा,
की कुणीतरी ही गोष्ट
त्यांच्यापासून मुद्दाम लपवून ठेवली होती.

जेसिंगभाईंना मी गुजरातीत सांगते.
अकरा वर्षं ते या सूर्यासमोर बसलेत
आणि तो मावळतोय असं समजून
पाचच्या सुमारास डबा आवरत आलेत.
ते धुराकडे बघतात, मग हसतात.
त्यांच्याकडे, छोटाउदेपूरच्या बाजूला,
घरातल्या भिंतीवर घोडे काढतात,
सूर्य आणि चंद्र एकाच भिंतीवर, शेजारी शेजारी.
कोण आला, कोण निघाला,
कुणी कुणाला विचारत नाही.
"अने काच पण नहीं," ते म्हणतात. "अडवानी छूट."

बाहेर सेव-उसळ खाल्ली. तर्री जास्त मागितली त्यांनी.
चित्राबद्दल चकार शब्द नाही,
फक्त उसळीत कांदा कमी, एवढंच.

पहाटे साडेचारला गच्चीचं दार उघडं.
त्या कठड्याशी, अंगावर सासऱ्यांची शाल,
ओलं केलेलं बोट वर धरून.
"इथून समुद्र कुठल्या बाजूला गो?"
बावन्न वर्षांत पहिल्यांदा विचारलं.
मी फोन आणायला खाली वळले.
दोरीवर त्यांचं पातळ
अगदी थोडं, कुठेतरी, कललेलं होतं.