चतुःसीमा

पाच वाजून दहा. खारघरात दुधाचे क्रेट उतरतायत.
गुलाब थळी बुटाची नाडी दोनदा बांधते,
मी घड्याळाला आकाश सापडायची वाट बघते.
"गावला का तुला रस्ता?" ती विचारते.
तिला तो गावलेलाच असतो.

माझा रस्ता असा: चौकातून डावीकडे,
आठशे मीटर सपाट, गावठाण, मग चढ.
तिचा असा: काकाच्या खळ्यावरून,
उघाडीच्या अंगाने,
शेवंतीआत्याला नाग दिसला तो बांध धरून,
मग डोंगर.
डांबर एकच.
मी धापेत आकडे मोजते, ती बोलत पळते.
"आता आपुन भातान हाव. पाय जपून टाक."
आणि पाय खरंच जपून पडतात माझे,
शाळेच्या पार्किंगमधून.

गावठाणात वेग मरतो.
रस्ता खांद्याएवढा. चार मजले
समोरच्या चार मजल्यांच्या चहात डोकावतात.
ओट्यावरचा म्हातारा रोज विचारतो,
"गुलाब, कोन लागलाय गो मागं?"
रोज ती सांगते,
"पन्नाशी, बाबा."

वेशीवर, ट्रान्सफॉर्मरच्या जाळीला टेकून, एक दगड.
गुडघ्याएवढा. वर चंद्र, सूर्य.
मधे ओळी, पावसाने अर्ध्या पिऊन टाकलेल्या.
खाली गाढव. गाढवाखाली बाई.
कुण्या राजाने गाव दिलं कुणाला, आणि बजावलं:
ही सीमा जो मोडेल त्याच्या आईला
पुढचं मी वाचलंय. लिहीत नाही.
देणारे पुरुष, घेणारे पुरुष,
मोडणारेही तेच,
आणि आठ-नऊशे वर्षं
आडवी पडलीय ती.

गावाला अक्षर लागलं नाही, बरं झालं.
गावाने तिला शेंदूर लावला.
लग्नाची पहिली हळद तिची.
तापातून उठलेल्या पोराचा नारळ तिचा.
पहिल्या वर्षी मी गुलाबला अर्थ सांगितला,
शहाणपणाने, धावता धावता.
ती काही बोलली नाही.
पुढे पळत गेली, इतकी, की दिसेना.
दुसऱ्या दिवशी दगडापाशी थांबली
आणि नखाने शेंदूर उचलून
गाढवाच्या डोळ्यांत भरला.

मग चढ. इथे बोलणं बंद.
पोटऱ्या, करवंदीच्या जाळ्या, स्वतःचाच वास.
तिसऱ्या वळणावर वाडीतली सोमी भेटते,
डोक्यावर मोळी, अनवाणी,
उतरताना आमच्या चढण्याला हसते.
"वर काय हाय?"
"काही नाही."
"मंग?"
या 'मंग'ला उत्तर शोधत
पुढची दोन वळणं निघून जातात.

माथ्यावरून सगळं दिसतं,
खाडी, कांदळवन, काचेच्या इमारती,
विमानांसाठी सपाट केलेलं काहीतरी.
हद्द कुठेच दिसत नाही.
गुलाब कमरेवर एक हात ठेवते, दुसऱ्याचं बोट फिरवते:
पूर्वेला ओढा. दक्षिणेला खाडी.
उत्तरेला जांभळाची राई, होती.
पश्चिमेला ह्यो डोंगर.
ताम्रपटातली ओळ जशीच्या तशी;
तिने ताम्रपट पाहिलेला नाही.
"ह्याचे आत आमचा सगला. साडेबारा टक्के परत आला."
बाटलीतलं पाणी पिते, चूळ थुंकते.
"बाकीवर आपुन पलतो."

काल पौर्णिमा होती.
पश्चिमेला चंद्र उतरायचा राहिलाय
आणि तळोज्याच्या धुराड्यांमागून सूर्य वर येतोय.
दोघे एकदम, दगडावरच्यासारखे.
मी तिला सांगणार असते.
सांगत नाही.

घड्याळ थांबवायचं राहून गेलं.
घरी येऊन पाहिलं, तर आमचं ते उभं राहणंसुद्धा
त्याने धावण्यातच धरलं होतं.