मापांची वही

रबाळ्याला डोंगराच्या पायथ्याशी आमची वस्ती,
वस्तीच्या वर बर्फाची फॅक्टरी.
तिच्या टाकीत अमोनिया असतो
हे आम्हाला कळलं एका फलकावरून,
तोही गंजलेला, वरची ओळ गेलेली.

साहेब आले ते दुपारी चारला.
शिट्टी वाजवली. कुत्री तेवढी धावली.
बायका दारातून विचारत होत्या,
रेशनचं काही आहे का.
मग सगळे रमतगमत शाळेच्या मैदानावर.
तिथे फोटो, बिस्किटांचे पुडे,
आणि खाडीकडचं वारं छान तोंडावर.
"हा तुमचा मार्ग," साहेब म्हणाले. "सरळ खाली."

ताईबाय मढवी तेवढी पुटपुटली,
"राती वारा डोंगरावरशी उतरतंय गो."
साहेबांच्या तक्त्यात तिच्यासाठी रकाना नव्हता.
मी ब्लाऊजच्या मापांच्या वहीत
मागच्या पानावर लिहून ठेवलं.

त्याच पानावर यादी सुरू झाली.
मला माणसं इंचात ठाऊक आहेत.
धोंडू साळवे, उजवी बाजू लुळी, छाती बेचाळीस:
चादर आणि चौघं, तिघांचं काम नाही.
रेश्मा, आठवा महिना, जुनं माप धरू नका.
तस्लीमाला ऐकू येत नाही,
हाका मारू नका, पायाचा अंगठा धरा.
गुलाबकाकी येणार नाही म्हणेल.
तिची शेळी आधी सोडा, मागोमाग येईल.
दुकानाच्या पाटीला मी अस्तराच्या चिंध्या बांधल्या.
गिऱ्हाइकांना वाटलं, सजावट.

आणि मग एका रात्री पावणेतीनला
डोळे झोंबून जाग आली.
कांद्याचं झोंबणं वेगळं,
हे घशाला नखं लावतं.
बॅटरी पाटीवर मारली:
चिंध्या ताठ, शाळेच्या दिशेने.

सरळ खाली म्हणजे
वासाच्या पुढे पुढे पळायचं,
आणि वास आपल्याहून तरणा.
मी ओरडले, "उरेब चला! उरेब! नाल्याच्या पुलाकडे!"
पुरुष म्हणाले, काय चला?
शिवणक्लासच्या चार मुलींना कळलं.
ओलं अस्तर नाकाला लावून त्या तिरक्या निघाल्या,
त्यांच्यामागे वस्ती, शेळी, गुलाबकाकी,
चादरीत धोंडू, शिव्या देत.
कुलपं कुणाला लावू दिली नाहीत.
रिकाम्या दारावर टेलरच्या खडूची फुली,
एवढंच.

पुलापलीकडे मोजली माणसं. एकशे सात.
वहीत एकशे सात.
मी वही मिटली.
किती बरं वाटलं ते सांगत नाही,
त्याची लाज अजून जात नाही.

डबे पोचवणारा इरफान म्हणाला,
"आणि गिरणीवरचा?"

गिरणीवर कोण?

चार दिवसांपूर्वी आलेला,
पोटमाळ्यावर, महिन्याचे बाराशे, पावती नाही.
माझ्याकडे शर्ट टाकला नव्हता,
म्हणजे माझ्या लेखी तो नव्हताच.
गिरणी म्हणजे दुकान, रात्री बंद,
तिच्या दाराशी खडू गेलाच नाही.

अग्निशमनचे दोघे मुखवटे लावून गेले.
आम्ही पुलावर उभे.
कुणी कुणाकडे बघत नव्हतं.
एकशे सात माणसं एका जिन्याकडे कान लावून.

खांद्यावरून आणला त्याला,
डोळे तांबडे, एका पायात चप्पल.
खोकताना मध्येच म्हणाला, लखींदर.
पुन्हा म्हणाला, लखींदर.
कुणीतरी लिहून घेतंय असं समजून.

पुढच्या मंगळवारी दुकानात आला.
खांदा सतरा, बाही साडेतेवीस.
"काय शिवायचं?"
"काही नाही," म्हणाला, "तुम्ही माप घ्या."

आता प्रत्येक गल्लीखाली
मी दोन ओळी कोऱ्या सोडते.
शिवणीच्या आत असं कापड राखतात,
बाहेरून दिसत नाही,
त्याला आम्ही माया म्हणतो.
नवी मुलगी कापताना तिथेच कंजुषी करते,
आणि मी तिथेच ओरडते.

साहेब पुन्हा येणार आहेत.
दुपारी चारलाच.
ताईबायला सांगितलंय,
खुर्ची घेऊन पुढे बस.