मधलं नाव

साडेअकराला बेंद्रेबाईंचा फोन :
"लाभांशाची यादी निघतेय, पण नावं गळतायत.
सगळी नाहीत हो, अधली-मधली.
चारला सभा आहे. या."

भवानी पेठ. टिंबर मार्केटच्या मागचा जिना.
पतसंस्थेच्या पायरीवरसुद्धा भुसा,
आणि खालच्या करवतीचा आवाज असा
की इथे प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागतं.

यादी पाहिली.
अनुक्रमांक आहे, खातेक्रमांक आहे,
रुपये आहेत, पैशांसकट.
नावाच्या जागी नुसता कागद.
एक्केचाळीस ठिकाणी.

शिपाई इनामदार म्हणाले, टोनर हलवून बघा.
हलवला.
पुण्यात कुणाचा सल्ला ऐकला नाही
तर तो दिवसभर ऐकावा लागतो.

मग माझ्या सवयीनं :
चौकट अरुंद आहे का? रुंद केली.
अक्षरं पांढऱ्यावर पांढरी पडलीत का? नाही, काळीच.
'लपवा'वर कुणी खूण केलीय? नाही.
फॉन्ट बदलला. समास सरकवला.
मॅनेजरच्या केबिनमधल्या प्रिंटरवर काढली,
त्यानंही तितक्याच निष्ठेनं
तीच एक्केचाळीस गाळली.

तेव्हा तक्त्यात उतरलो.
तिथे सगळ्या होत्या.
झुंबर. ससाणे.
शकिला. बागवान.
रोझलिन. भंडारे.
नाव एका खणात, आडनाव एका खणात
आणि मधल्या खणात, जिथे वडील किंवा पती,
तिथे रिकामं नव्हे,
रिकामं असतं तर चाललं असतं.
तिथे नल.

नल म्हणजे शून्य नाही. कोरी जागाही नाही.
नल म्हणजे माहीत नाही, विचारलं नाही, सांगितलं नाही.
आणि यंत्राचा हिशेब असा
की माहीत असलेल्याला माहीत नसलेलं जोडलं
तर सगळंच माहीत नसलेलं होतं.
झुंबर अधिक नल अधिक ससाणे
बरोबर
नल.

बेंद्रेबाई खुर्ची ओढून पडद्याशी बसल्या.
"हिनं सोडलंय त्याला. हिला त्यानं.
हिचा गेला, तेव्हापासून लावत नाही.
आणि हिला... हिला विचारायची सोय नाही."

"मग ही कशी छापली गेली?"
चंद्रभागा . नेटके.
तिच्या खणात कुणा जुन्या ऑपरेटरनं
जाता जाता एक टिंब ठेवलं होतं.
तेवढ्या टिंबाला धरून
ती बाई कागदावर उतरली होती.

क्वेरीच्या डोक्यावर तारीख असते,
आणि लिहिणाऱ्याची आद्याक्षरं.
जून महिना. हे. द. खा.
बाईंनी वाचलं नसावं. किंवा वाचलं असावं.
तपासताना नमुना म्हणून मी घातलं होतं
हेरंब दत्तात्रय खासगीवाले,
तिन्ही खण गच्च.
सुरेख छापलं गेलं.
मी जेवायला गेलो.

दुरुस्ती एका ओळीची.
मधलं नसेल तर राहू दे बाबा, पुढचं छाप.
एवढंच सांगायचं असतं त्याला,
पण सांगावं लागतं.

पहिल्या प्रतीत नाव आणि आडनाव यांच्यामध्ये
एक जागा जास्तीची राहिली.
"ही फट काढा," बाई म्हणाल्या,
"फट दिसली की सभेत चौकशा होतात."
काढली.

बिलाचं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, बघू.
इनामदारांनी चहा आणला, आणि वर ऐकवलंच,
"टोनर हलवल्यावर आलं ना?"

सव्वातीन.
बाईंनी यादी हातात घेतली, चष्मा पुसला,
आणि ताळा करायला मोठ्यानं वाचू लागल्या :
झुंबर ससाणे, बाराशे चाळीस.
शकिला बागवान, नऊशे पाच.
खाली करवत चालूच होती,
त्यामुळे प्रत्येक नाव
त्यांना दोनदा घ्यावं लागलं.