अधिसंख्य

नवतपा लागला की बरण्यांतलं फॉर्मलिन उतरतं.
दरवर्षी याच नऊ दिवसांत सोनकुसरे आणि मी
प्राणिशास्त्राच्या संग्रहालयाचं कुलूप काढतो.
कूलर कॉलेजचा, त्यात पाणी आम्ही ओतायचं.

बरणी दोनशे सात.
वीतभर मासा, शिजलेल्या साबुदाण्याच्या रंगाचा,
एक डोळा काचेला टेकलेला.
चौतीस साली प्राध्यापक केळापुरेंनी
वेंगुर्ल्याच्या बाजारात दोन आण्यांना घेतला,
मिठात दाबून मुंबईपर्यंत बोटीनं आणला, पुढं मेलनं.
डब्यातले लोक बडनेऱ्यापर्यंत नाक धरून होते म्हणतात.
इथं आल्यावर त्यांना वाटलं, ही जात वेगळी आहे.
नाव दिलं, शेवटी लावलं नागपुरेन्सिस.
खारं पाणी जिथं
कैरीच्या लोणच्याला सुटतं तेवढंच,
त्या गावाचं नाव समुद्रातल्या माशाला.

दुसरा कधी कुणाला सापडला नाही.
एकसष्ट साली कोचीहून पत्र आलं:
पाठीच्या पराचे काटे आपण दहा लिहिले आहेत.
दहा असल्यास जात नवी.
नऊ असल्यास हे ढोम्याचं पिल्लू.
कृपया पुन्हा मोजावे.
केळापुरे तोवर वारले होते.
कुणीतरी मोजलं असावं. लेबलावर
पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं,
सही केली नाही.

मीही मोजलेत. नऊ आहेत.
नवव्याच्या मागं एक खाच आहे.
तिथं काटा होता, की ती आधीपासून खाचच,
हे खाच सांगत नाही.

सोनकुसरे नरसाळं धरतो.
सोनकुसरे हलबा. एका कागदावर हलबा,
दुसऱ्यावर कोष्टी,
कारण पणजोबाला शाळेत मास्तरनं धंदा विचारला
आणि उत्तर जातीच्या रकान्यात लिहिलं.
समितीनं विचारलं, देव कोणते,
लग्नात काय म्हणता, मेलेल्याला पुरता की जाळता.
"म्या सांगतलं, साहेब, तांडापेठेत आमचा माग होता.
खड्ड्यात पाय सोडून बाप बसे.
देव समोर भिंतीवर होता,
पन कोन्त्या जातीचा हाय, हे इचारलं नाई आमी त्याले."
दावा अवैध.
नोकरी गेली नाही, तिचं अधिसंख्य पद झालं,
अकरा अकरा महिन्यांचं.
सगळे मोजून झाल्यावर
खोलीत उरलेला माणूस.

यंदा तपासणी आहे.
वैध नमुने रजिस्टरात घ्या, म्हणाले,
उरलेल्यांची विल्हेवाट लावा.
दोनशे सहापर्यंत माझं पेन चाललं.

सोनकुसरे बरणी उजेडाकडं धरून बघत होता.
"मॅडम, ज्या कोळणीनं हा इकला,
ते काय म्हने याले?"

मी केळापुरेंची वही काढली.
भाव आहे, लांबी आहे, त्या दिवशीचा वारा आहे,
बोटीचं भाडं पैशापर्यंत आहे.
बाई नाही. तिनं उच्चारलेलं काहीच नाही.

त्यानं हातमोजा काढला. मी नको म्हणाले.
"कोष्ट्याच्या पोराले सूत मोजाले
डोये लागत नाई," म्हणाला,
आणि थबकला,
कारण शब्द तोंडातून गेला होता
आणि समिती इथं नव्हती.
मग मासा तळहातावर घेऊन
अंगठ्याचं नख पाठीवरून हळू नेलं,
शेपटीकडून डोक्याकडं,
पुन्हा डोक्याकडून शेपटीकडं.

"साडेनऊ."

मी हसले. तो हसला नाही.

रजिस्टरात लिहिलं: दोनशे सात, काटे साडेनऊ,
मोजणाऱ्याचं नाव सोनकुसरे.
तपासणीवाले विचारतीलच.
त्यानं फॉर्मलिन गळ्यापर्यंत भरलं,
मासा बोटभर वर आला, डोळा काचेवरून सुटला.
झाकणाला लावायला मेण वितळवायचं होतं.
त्याची गरज पडली नाही,
टेबलावरच मऊ होऊन बसलं होतं.