चारशे पंचवीस वजा

कोडिअ‍ॅक बेटावर धुकं उतरलं की विमान येत नाही,
आणि विमान आलं नाही की कायदा येत नाही.
महिन्यातले दोन शनिवार, वाचनालयाची मागची खोली,
पोरांच्या बुटक्या खुर्च्या, भिंतीवर कागदी देवमासा,
त्याच्याखाली वकीलबाई मारिट हाल्व्हर्सन,
बुटांना अजून धावपट्टीचा चिखल.

मी दुभाषा. माझं काम नळाचं:
इकडून इलोकानो, तिकडून इंग्रजी,
पाण्याला माझी चव लागता कामा नये.

फ्लोरफिना आगबायानी रात्रपाळीवरून थेट आलीय.
हात तीनदा धुतले तरी कॉड माशाचा वास
फाइलच्या कडेला लागतोच.
फाइल कसली, बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा:
जन्मदाखला, शाळेतला फोटो,
अकरा वर्षं घरी पैसे पाठवल्याच्या पावत्या,
रबरबँड लावून, वर्षाला एक गड्डी.

अँकरेजला एकानं आठशे डॉलर घेतले, ती सांगते,
आणि म्हणाला, पोरगी एकवीस पार झाली,
आता ती तुमची मुलगी नाही.
अगदी असंच म्हणाला? वकीलबाई विचारतात.
मी विचारतो.
असंच.

पंचाईत इथे आहे.
फ्लोरफिना म्हणते ‘आनाक’.
आमच्यात आनाक म्हणजे लेकरू,
पोटातलं असो, नाहीतर टक्कल पडलेलं.
माझ्या बापाला साठी उलटल्यावरही
आजी आनाकच म्हणायची, तेही रागावून.
कायद्यातलं लेकरू मात्र
एकविसाव्या वाढदिवसाला संपतं.
मी कुठला शब्द कुठे ठेवू?
ठेवतो कुठेतरी. नळ वाहत राहतो.

वकीलबाई पेन्सिलीला टोक काढतात.
अर्ज पोचला तो दिवस. मंजूर झाला तो दिवस.
मधले बोटांनी मोजतात, मग यंत्रावर, मग पुन्हा बोटांनी:
चारशे पंचवीस.
एवढे दिवस अर्ज सरकारच्या टेबलावर पडून होता,
ते तुमच्या मुलीच्या वयात धरायचे नाहीत.
नंबर लागला तेव्हा एकवीस वर्षं नऊ महिने,
वजा चारशे पंचवीस दिवस,
वीस वर्षं सात महिने.
खाली दोन रेघा.

फ्लोरफिना त्या रेघांकडे बघत बसते.
मग डब्याशीच बोलल्यासारखं:
त्याच दिवसांत जेझिएलला टायफॉइड झाला होता.
केस गेले सगळे. परत आले, पण सरळ आले,
आधी कुरळे होते.
मी ते दिवस पाहिले नाहीत.
आता कायदाही म्हणतो, मोजू नका.
बरंच आहे मग.

हेही मी सांगतो. सगळं सांगायचं असतं.
वकीलबाई पेन्सिल खाली ठेवतात,
थोड्या वेळानं उचलतात.
दोन गोष्टी. नंबर लागल्यापासून वर्षाच्या आत पुढचा अर्ज.
आणि ती इथे येईपर्यंत लग्न नको.

डब्याचं झाकण वाजतं.
हे तिला सांगू नकोस हं, फ्लोरफिना माझ्याकडे वळते,
पण जानेवारीत ठरलंय. डुक्करसुद्धा घेऊन ठेवलंय.

मी शपथ घेतलेला माणूस.
सांगतो. डुकरासकट.

मारिटबाई हसत नाहीत.
झालंय का लग्न?
नाही.
मग नाही झालं. ठरणं म्हणजे होणं नव्हे.
आज घरी फोन करा.

आजच काय, आत्ताच.
इथे शनिवारची दुपार, बाताक गावात
रविवारची पहाट, कोंबडं आरवायच्या बेताला.
ती दाराशी उभी राहून बोलते, एक बोट कानात घालून,
आधी ‘आनाक’, मग बराच वेळ नुसतं ऐकणं,
मग हं, मग हं, मग पाठमोरी होते.
खुर्चीवर तिनं आणलेली धुरावलेल्या सामनची बरणी,
जी वकीलबाईंना नियमानं घेता येत नाही
आणि परतही करवत नाही.

काय म्हणतेय? त्या हळूच विचारतात.
विचारू नये खरं तर. मीही सांगू नये.
म्हणतेय, रडू नकोस.
म्हणतेय, त्या पोराला सांग, थांबणारा असेल तर थांबेल.
आणि म्हणतेय,
डुक्कर विकू नका. वाढू दे अजून वर्षभर.