पस्तिसावा दिवस

आज तीन पिशव्या काढल्या फ्रिजमधून.
पस्तीस दिवस भरले त्यांचे.
रजिस्टरचे रकाने कन्नडमध्ये छापलेले,
मी मराठीत लिहिते: मुदत संपली.
तपासायला येणारे अजून काही बोललेले नाहीत.

एक होती नंदगडच्या परशराम गुरवाची.
सुई टोचताना डोळे मिटून म्हणाला होता,
"मॅडम, कुणाला जाईल ओ हे?"
कुणालाच नाही गेलं, परशराम.

जपानात म्हणे असंच शिळं रक्त घेतात,
पेशी फोडून साल टाकून देतात,
आतलं हिमोग्लोबिन धुऊन
चरबीच्या इवल्या कुप्यांत पुन्हा कोंडतात.
मग गट उरत नाही त्याला, ना ए, ना बी.
साध्या कपाटात दोन वर्षं टिकतं.
रंग जांभळट, करवंद चुरडल्यासारखा.
कुणी वाळूतल्या किड्याचं रक्त तपासतंय,
ओहोटीत दम धरून बसणाऱ्या.
आणि एक फ्लोरिनचं, दुधासारखं पांढरं.
हे सांगितलं तर बसाण्णा ड्रायव्हर म्हणतो,
"मग आटवून कुंदाच करा की त्याचा!"

हसले मी. पण बसाण्णाही होता त्या रात्री.

जांबोटीहून आणलेली बाळंतीण.
चिठ्ठीवर ओ, आणि क्रॉसमॅचला
प्रत्येक नळीत गुठळ्या.
पहाटे दोनला कळलं, गट बॉम्बे.
तिचा नवरा म्हणाला,
"बॉम्बेला कधी गेलीच नाही ओ ती."

तसल्या रक्ताचा एक माणूस सापडला कागलला.
बसगाड्या सीमेवर थांबवलेल्या त्या दिवशी,
दोन्हीकडच्या.
तो स्कूटरवरून कोगनोळी नाक्यापर्यंत आला,
पुढं चालत.
बसाण्णा पलीकडं अंधारात
हेडलाइट लावून उभा.

चार तास लागले.
ते जांभळं पाणी अंगात जेमतेम एक-दोन दिवस राहतं,
मग शरीर त्याला मोडून टाकतं.
पुस्तकात हा त्याचा दोष म्हणून लिहिलाय.
मला चार तासच हवे होते.

कागलचा माणूस खुर्चीत बसला,
बाही आधीच वर केलेली.
मी त्याला चहा दिला.
कापसाचा डबा उघडला, बंद केला,
परत उघडला.

आता या तीन पिशव्या.
गार आहेत अजून, हाताला जड.
पिवळ्या थैलीत घालते, गाठ मारते.

परशरामला नव्वद दिवस व्हायला
पंचावन्न उरलेत.
फोन करायचा म्हणून
कॅलेंडरवर खूण केली.